परदेशात जाऊन गोड्या पाण्यातला महाकाय मासा गळाने पकडायचा असेल, तर आधी काय ठरवावे?

खोलपाणी (धागालेखक)

मोठ्या नद्यांमधील मोठ्या माशांसाठी परदेशात सुट्टी घालवायची इच्छा असलेले बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा: सर्वांत मोठा मासा कुठे मिळेल? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. पकडलेला मासा धडधाकट अवस्थेत पाण्यात परत जाईल, अशी व्यवस्था, असे पाणी आणि असे वाटाडे कोणत्या देशात आहेत, हे आधी ठरवावे आणि मगच मासा, नदी, हंगाम व विमानाचे तिकीट यांकडे वळावे. या धाग्यात मी हीच बाजू सविस्तर मांडणार आहे. मतभेद असल्यास अवश्य लिहावे.

गोड्या पाण्यातले महाकाय मासे सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात आणि त्यांच्यातील सर्वांत मोठ्या माद्याच सर्वाधिक अंडी देतात. त्यामुळे शंभर लहान मासे दगावण्यापेक्षा एक वयस्क मादी दगावणे नदीला अधिक महाग पडू शकते. २००५ साली उत्तर थायलंडमध्ये मेकाँग नदीत २.७ मीटर लांबीची आणि २९३ किलो वजनाची मेकाँग जायंट कॅटफिश मच्छीमारांच्या जाळ्यात सापडली. तिची छायाचित्रे जगभर गेली, पण मासा वाचला नाही. ही जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते, म्हणून वन्य मेकाँगमध्ये तिच्यामागे गळ घेऊन जाण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये.

याउलट चांगली उदाहरणेही आहेत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फ्रेझर नदीत व्हाइट स्टर्जन गळाने पकडता येतो. मात्र तो सोडून देणे बंधनकारक आहे आणि उलटा काटा असलेला गळ चालत नाही. गयानामध्ये रूपुनुनी भागातील रेवा या गावाने स्वतःचे निसर्ग-निवास उभारले असून तेथे अरापाइमा पकडून सोडण्याची मासेमारी गावाच्याच देखरेखीखाली चालते. मंगोलियात टायमेन हा साल्मन कुळातील सर्वांत मोठा मासा आहे आणि तिथेही एकच, उलटा काटा नसलेला गळ वापरून मासा परत सोडण्याचा नियम आहे. या तिन्ही ठिकाणी नियम कागदावर राहत नाहीत, कारण मासा जिवंत राहण्यात वाटाड्यांचे पोट गुंतलेले असते. पुढच्या वर्षी पाहुणे यायचे असतील तर तोच मासा नदीत असावा लागतो.

गळाला लागलेला मासा जोर लावतो तेव्हा त्याच्या स्नायूंत आम्ल साठते आणि रक्ताचे रसायन बिघडते. झुंज जितकी लांबते तितका हा बिघाड भरून निघायला वेळ लागतो, आणि पाणी गरम असेल तर परिस्थिती आणखी कठीण होते. १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो, तर ३० अंशांना ते प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे माशाला सर्वाधिक ऑक्सिजन हवा असतो नेमक्या त्याच वेळी गरम पाण्यात तो सर्वांत कमी मिळतो. म्हणूनच हलक्या दोरावर प्रचंड मासा दोन-तीन तास खेळवण्याला मी कौशल्य म्हणत नाही. जाड दोर, दणकट रॉड आणि रिळाचा घट्ट ड्रॅग (दोराला अडवणारा ब्रेक) वापरून मासा शक्य तितक्या लवकर हाताशी आणणे हेच खरे कौशल्य.

डोहकाठ

धागा आवडला. माझा अनुभव फ्रेझरचा आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

व्हँकुव्हरहून निघून चिलीवॅक किंवा मिशन गाठले की आपण स्टर्जनच्या पाण्यावर असतो. मिशनच्या रेल्वे पुलापासून खाली समुद्राकडे भरती-ओहोटीचे पाणी धरले जाते आणि वर गोड्या पाण्याचा भाग. दोन्हींचे परवाने वेगळे असतात. वरच्या भागात सर्वसाधारण परवान्याबरोबर स्टर्जन संवर्धनाचा स्वतंत्र परवानाही घ्यावा लागतो. वाटाडे हे सगळे समजावून सांगतात, पण जबाबदारी आपलीच असते, त्यामुळे आपण नदीच्या कोणत्या टप्प्यात नाव लावणार आहोत हे आधीच विचारून घ्यावे.

स्टर्जनला दात नसतात. तो तोंड नळीसारखे खाली लांबवून तळावरचे अन्न ओढून घेतो, म्हणून आमिषही तळावरच ठेवले जाते: साल्मनची अंडी, लॅम्प्री माशाचे तुकडे, कधी युलाकॉन नावाचा लहान मासा. शरद ऋतूत साल्मनचे थवे नदी चढू लागले की स्टर्जन भरपूर खातात आणि तोच काळ अनेकांना सर्वांत चांगला वाटतो. एवढा जड, तळाशी राहणारा मासा अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळी घेतो, आणि ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना ते सांगून पटत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मोजणीची पद्धत. फ्रेझर रिव्हर स्टर्जन कन्झर्वेशन सोसायटीच्या कार्यक्रमात २००० सालापासून स्वयंसेवक वाटाडे पकडलेल्या प्रत्येक माशावर स्कॅनर फिरवतात. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूणचिठ्ठी आधीपासून असेल तर तिचा क्रमांक नोंदवतात, नसेल तर नवी बसवतात, लांबी आणि घेर मोजतात आणि मासा सोडतात. नदीच्या खालच्या भागात किती स्टर्जन आहेत याचा अंदाज मुख्यतः याच नोंदींवर उभा आहे. पाहुणा म्हणून आपण टेप धरतो किंवा आकडा लिहून घेतो, तेव्हा आपण करमणुकीबरोबर एका खऱ्या कामातही भाग घेत असतो. स्टर्जनची मादी वीस-पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहसा अंडी घालत नाही, त्यानंतरही दरवर्षी घालत नाही, आणि हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या प्राण्याला आपण दोरीने ओढत आहोत, याचे भान तिथे सतत राहते.

गाभोळी

धागालेखकांना एक प्रश्न विचारायचा आहे. ज्यांच्याकडे आठवडाभराचीच सुट्टी आहे, ज्यांच्याबरोबर घरातील वयस्क मंडळी आहेत आणि ज्यांना जंगलात नावेने तासन्‌तास प्रवास करणे शक्य नाही, त्यांनी थायलंडमधील तलावांचा पर्याय का घेऊ नये? बँकॉकमधील बुंगसामरान किंवा क्राबीजवळील खासगी तलावांवर मेकाँग जायंट कॅटफिश, जायंट सियामी कार्प आणि अरापाइमा एकाच ठिकाणी मिळतात. सावली, खुर्ची, जेवण, सर्व सोय असते. वन्य माशांना हात न लावता हौस भागते, ही तर संवर्धनाच्या दृष्टीने जमेची बाजू म्हणायला हवी.

खोलपाणी (धागालेखक)

गाभोळी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तलावांच्या विरोधात नाही. थायलंडच्या मत्स्यविभागाने १९८३ साली मेकाँग जायंट कॅटफिशचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, त्यामुळे तलावांतील ही जात पैदास केलेल्या पिल्लांमधून वाढवता येते. वयस्क मंडळींसाठी आणि प्रथमच मोठा मासा हाताळणाऱ्यांसाठी तलाव ही उत्तम शाळा आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की तलावात तोच मासा पुन्हा पुन्हा पकडला जातो. म्हणून तलाव निवडताना माशांच्या तोंडाच्या जखमांकडे पाहावे, मासा काठावर ओढला जातो की माणूस पाण्यात उतरून झोळीत घेतो हे पाहावे. ज्या तलावात मासा तापलेल्या लाकडी फळीवर ठेवून छायाचित्रे काढली जातात, तिथे सोय कितीही चांगली असली तरी पैसे देऊ नयेत. दुसरी गोष्ट, अरापाइमा हा दक्षिण अमेरिकेचा मासा आहे. तो थायलंडच्या तलावात पकडल्याचा आनंद खोटा नाही, पण अ‍ॅमेझॉन किंवा रूपुनुनीच्या पाण्यात तो ज्या रीतीने जगतो त्याची ओळख तिथे होत नाही. ती ओळख हवी असेल तर गयानाला जावे लागेल, आणि त्यासाठी सुट्टी मोठी काढावी लागेल.

अरापाइमाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या माशाच्या बाबतीत पाहुण्याच्या अज्ञानाची किंमत मासा मोजतो. प्रौढ अरापाइमाला लागणारा बहुतांश ऑक्सिजन हवेतून येतो. साधारण दहा ते वीस मिनिटांनी तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि तो आवाज शांत पाण्यावर दूरवर ऐकू येतो. इतर माशांच्या बाबतीत आपण शिकलेलो असतो की मासा पाण्याबाहेर काढू नये आणि दमलेला मासा प्रवाहाकडे तोंड करून धरावा, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहते. अरापाइमाला एवढे पुरत नाही. झुंजीने गळालेला अरापाइमा वर येऊ शकला नाही तर तो पाण्यातच गुदमरून मरतो, त्यामुळे जाणकार वाटाडे त्याला उथळ पाण्यात आधार देऊन धरून ठेवतात, तो स्वतः हवा घेतो का याची वाट पाहतात आणि त्यानंतरच हात काढतात. वाट पाहण्याचा हा वेळ छायाचित्रात दिसत नाही, पण माशाचे जगणे त्यावरच ठरते. शिवाय पिल्ले लहान असताना नर त्यांना डोक्याजवळ घेऊन फिरतो. अशा नराला पकडून बराच वेळ अडवून ठेवले तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणून पिल्लांचा थवा दिसला की त्या जागी गळ टाकू नये.

हवा घेण्याच्या याच सवयीमुळे अरापाइमाची मोजणीही शक्य झाली. ब्राझीलमधील मामिराउआ राखीव क्षेत्रातील अनुभवी मच्छीमार पृष्ठभागावर येणारे मासे पाहून आणि ऐकून तळ्यातील संख्या सांगतात, आणि त्या मोजणीवर पकडीचा कोटा ठरवला जातो. त्याच मच्छीमारांच्या मदतीने गयानातील रूपुनुनीच्या मकुशी लोकांनी ही पद्धत शिकून घेतली. आज तिथे पाहुण्यांना घेऊन जाणारे वाटाडे याच समाजातले आहेत. पावसाळ्यात साधारण मे ते ऑगस्ट या काळात सगळा माळ पाण्याखाली जातो आणि मासे बुडालेल्या जंगलात पांगतात, म्हणून कोरड्या महिन्यांतच जावे.

उत्तरवारा

स्पेनबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. युरोपात राहणाऱ्यांना एब्रो नदी सर्वांत सोपी पडते.

वेल्स कॅटफिश ही एब्रोची मूळ रहिवासी नाही. १९७४ साली एका जर्मन जीवशास्त्रज्ञाने तिची पिल्ले मेकिनेन्सा धरणाच्या परिसरात सोडली आणि उबदार, अन्नाने भरलेल्या पाण्यात ती झपाट्याने वाढली. आज दोन मीटरांहून लांब मासे पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक मेकिनेन्सा आणि कास्पे या गावांत येतात. माशांच्या चुऱ्यापासून केलेल्या कडक गोळ्या आमिष म्हणून लावून काठावर बसणे ही रूढ पद्धत आहे. काही जण नावेतून लाकडी दांड्याने पाण्यावर विशिष्ट ठोका देतात. त्या आवाजाने तळाशी पडलेली कॅटफिश उठून वर येते. ती का येते याबद्दल मच्छीमारांमध्ये एकमत नाही, पण येते हे खरे.

आता मुद्द्याचे. धागालेखकांनी म्हटल्याप्रमाणे 'मासा सुखरूप परत जावा' ही कसोटी लावली, तर एब्रोमध्ये अडचण उभी राहते. हा मासा स्पेनच्या आक्रमक विदेशी प्रजातींच्या अधिकृत यादीत आहे. तो जिवंत सोडावा का, कुठे सोडावा, रात्री मासेमारी चालते का, यांचे नियम प्रांताप्रांतानुसार वेगळे आहेत आणि बदलत आले आहेत. नदी एकच असली तरी अरागॉन आणि कॅटालोनिया यांचे परवाने वेगळे आहेत. तेव्हा जाण्याआधी त्या वर्षीचा नियम त्या प्रांताच्या अधिकृत संकेतस्थळावरून वाचावा. आणखी एक कळकळीची विनंती आहे. एब्रोमध्ये २००१ सालापासून झेब्रा शिंपला पसरला आहे. त्याचा डोळ्यांना न दिसणारा डिंभ (पिल्लाची पहिली अवस्था) ओल्या जाळ्यातून, बुटांतून, नावेच्या तळातल्या पाण्यातून दुसऱ्या नदीत पोहोचतो, म्हणून साहित्य धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय ते दुसऱ्या पाण्यात नेऊ नये.

खोलपाणी (धागालेखक)

उत्तरवारा, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. परका मासा नदीचे काय करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हिक्टोरिया सरोवर आहे: १९५०च्या दशकात तिथे नाइल पर्च सोडला गेला आणि पुढे स्थानिक सिक्लिड माशांच्या शेकडो जाती नष्ट झाल्या किंवा नष्ट होण्याच्या वाटेवर गेल्या. त्यामुळे वेल्स जिथे परकी आहे तिथे स्थानिक कायदा सांगेल तसेच वागावे, तो आपल्याला कठोर वाटला तरी. आणि मुळात हा मासा त्याच्या स्वतःच्या घरी, म्हणजे डॅन्यूबसारख्या पूर्वेकडील नद्यांत शोधण्याचाही विचार करावा.

इटलीतील पो नदीतही वेल्स बाहेरूनच आली. तिथल्या एका गोष्टीचा उल्लेख मला मुद्दाम करावासा वाटतो. मे २०२३ मध्ये तिथे अलेस्सांद्रो बियांकार्दी यांनी २८५ सेंटीमीटर लांबीची वेल्स पकडली आणि लांबीचा विक्रम झाला. त्यांनी मासा मोजला, पण माशाला आणखी त्रास होऊ नये म्हणून वजन केले नाही आणि तो सोडून दिला. विक्रमाच्या क्षणी किलोंचा मोह बाजूला ठेवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

कल्ले_आणि_पर

मी माशांच्या आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून हाताळणीबद्दल थोडे सांगते.

मोठा मासा तोंडाला किंवा कल्ल्याला आकडा लावून उभा टांगणे ही सर्वांत घातक सवय आहे. पाण्यात त्याचे शरीर सर्व बाजूंनी तोललेले असते. हवेत उभे टांगले की संपूर्ण भार जबड्याच्या सांध्यावर, मणक्यावर आणि आतल्या अवयवांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांवर येतो. मासा पोहत जातो, आपण समाधानाने पाहतो, आणि तो काही दिवसांनी तळाशी मरतो. वजन घ्यायचेच असेल तर आडव्या, ओल्या झोळीत घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे पाण्यातच लांबी आणि घेर मोजून वजनाचा अंदाज बांधावा. कोरडे हात, कोरडी चटई, वाळू यांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर जंतूंपासूनचे संरक्षण असतो, म्हणून माशाला जे काही लागेल ते आधी ओले करावे.

इजिप्तमधील नासर सरोवरावर किंवा युगांडातील मर्चिसन धबधब्याखाली नाइल पर्चसाठी जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना. स्टर्जन आणि कॅटफिश यांच्या हवेच्या पिशवीला अन्ननलिकेशी जोडणारी वाट असते, त्यामुळे वर येताना ते जादा हवा बाहेर सोडू शकतात. नाइल पर्चची पिशवी बंद असते. खोल पाण्यातून तो झटकन वर ओढला की पिशवी फुगते, पोट बाहेर येते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. म्हणून त्याला खोलातून ओढण्यापेक्षा काठावरून, उथळ खडकांजवळ पकडणे चांगले. इथे धागालेखकांच्या 'लवकर हाताशी आणा' या सल्ल्याला मर्यादा पडते.

गाभोळी

माहितीबद्दल आभार. नदीतल्या महाकाय पाकटाविषयी कोणी सांगेल का? थायलंडला जाणारच असू, तर तलावाबरोबर मे क्लाँग नदीवर एक दिवस काढता येईल असे वाचले.

खोलपाणी (धागालेखक)

नाइल पर्चची दुरुस्ती मान्य आहे. मूळ लेखातले वाक्य जादा हवा बाहेर सोडू शकणाऱ्या किंवा उथळ पाण्यात राहणाऱ्या माशांपुरतेच समजावे.

गाभोळी, मे क्लाँगवर पाकटासाठी नावा जातात, आणि हा अनुभव इतर कशाशीही तुलना करता येणार नाही असा आहे. गळ लागला की पाकट तळाच्या चिखलाला चिकटून बसते, आणि नाव तिच्या वर आणून दोर ताणून धरावा लागतो. शेपटीवरचा विषारी काटा ३८ सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकतो; जाणकार वाटाडे सर्वांत आधी त्याला कापडाने गुंडाळतात, आणि ते होईपर्यंत पाहुण्याने जवळ जाऊ नये. पाकट नावेत न घेता पाण्यातच ठेवली जाते. या नदीत थाई पशुवैद्यकांनी गळाने पकडलेल्या पाकटांवर खुणा बसवण्याचे आणि त्यांच्या तपासणीचे काम केले आहे. २०१६ साली प्रदूषणाने इथल्या पाकटांचा मोठा संहार झाला, म्हणून उरलेल्यांना किती त्रास द्यावा, हा प्रश्न स्वतःला विचारूनच जावे. ही जात संकटग्रस्त आहे. माझे मत विचाराल तर, संशोधनाशी जोडलेली नाव मिळाली तरच जा, अन्यथा तलावावरच थांबा.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. जून २०२२ मध्ये कंबोडियातील स्टुंग त्रेंग प्रांतात मेकाँगमध्ये एका मच्छीमाराला ३०० किलोंची, शेपटीसह ३.९८ मीटर लांबीची पाकट सापडली. त्याने संशोधकांना कळवले, त्यांनी बाजारभावाने मोबदला दिला, तिच्यावर ध्वनिखूण (आवाजाच्या संकेतांनी माग देणारे उपकरण) बसवली आणि तिला नदीत सोडले. गोड्या पाण्यात नोंदला गेलेला तो सर्वांत वजनदार मासा ठरला.

डोहकाठ

नोंदणी करण्यापूर्वी वाटाड्याला काय विचारावे, हे धागालेखकांनी एकत्र लिहिले तर बरे होईल.

खोलपाणी (धागालेखक)

पत्रात मी सुरुवातीला माझे पाहुणेपण सांगतो आणि मग विचारतो की पाण्याचे तापमान किती वाढल्यावर तुम्ही मासेमारी थांबवता. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर असते, त्याची बाकीची उत्तरेही सहसा चांगलीच असतात. त्यानंतर गळ कोणत्या प्रकारचा, मासा कुठे आणि किती वेळ धरला जातो, झोळी आणि लांब पक्कड नावेत असते का, परवाना कोणाच्या नावाने निघतो, आणि शुल्कातला किती भाग त्या गावाला किंवा संवर्धनाच्या कामाला जातो, हे विचारतो. गळ तोंडाच्या कोपऱ्यात अडकणारा सर्कल हुक असेल तर तो गिळला जाण्याची शक्यता कमी असते, म्हणून आमिषाच्या मासेमारीत मी तोच मागतो. ज्या वाटाड्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक छायाचित्रात मासा हवेत उचललेला दिसतो, त्याला मी पत्रच पाठवत नाही.

साहित्याबाबत एवढेच, की रॉड आणि रीळ वाटाड्याचेच वापरावे. त्या पाण्याला लागणारी ताकद त्याला ठाऊक असते, विमानातून लांब नळकांडी नेण्याचा त्रास वाचतो, आणि उत्तरवारा यांनी सांगितलेला एका नदीतून दुसऱ्या नदीत काहीतरी नेण्याचा धोकाही टळतो. सोबत ध्रुवीकरण करणारा चष्मा, स्वतःची मोजपट्टी आणि पातळ ओले हातमोजे असावेत. कोणी मंगोलियात सप्टेंबरमध्ये टायमेनसाठी जाऊन आले असेल, तर त्यांनी एग-उर खोऱ्यातील शिबिरांबद्दल पुढे लिहावे. तिथल्या थंड पाण्यात मासा किती लवकर सावरतो हे मला जाणून घ्यायचे आहे.